पाटीवर काय लिहायचं?

हौशी : जळगाव स्टेशनवर उतरणारा परदेशी पाहुणा एकच प्रश्न विचारतो, अजिंठ्याला जायला गाडी कुठून मिळेल? लेणी साठेक किलोमीटरवर, आणि तीही शेजारच्या जिल्ह्यात. आमचा सगळा जिल्हा म्हणजे त्या लेण्यांचा फलाट! धुळ्याची तऱ्हा याहून वेगळी नाही. मुंबई–आग्रा महामार्गावरून जाणारा माणूस लळिंगच्या किल्ल्याकडे गाडीच्या काचेतून बघतो आणि पुढे जातो. माझं म्हणणं साधं आहे, भाऊ. जगातल्या कुठल्याही नामांकित वास्तूपाशी माणसं पाच-सहाच प्रश्न विचारतात. हे किती जुनं? कोणी बांधलं? कशासाठी? सर्वांत उंच किंवा सर्वांत पहिलं हेच का? आणि याची जी गोष्ट सांगतात ती खरी का? पिरॅमिडपाशी, आयफेल टॉवरखाली, ताजमहालाच्या दारात हेच प्रश्न. त्यांची चटकन उत्तरं मिळाली की माणूस खूश होतो, फोटो काढतो, गावी जाऊन चारजणांना सांगतो. मग पाटणादेवी, पारोळा, फरकांडे, चांगदेव, थाळनेर, बळसाणे इथं अशा ठळक उत्तरांच्या मोठ्या पाट्या आपण का लावू नयेत? आज तिथल्या माणसाला विचारलं तर तोच उलट विचारतो, ‘आठे काय शे देखाले?’ स्वतःच्या गावात काय आहे हे ज्याला कोणी सांगितलं नाही, त्याच्याकडून त्या दगडांची राखण होईल कशी?

शंकेखोर : उत्तरं देण्याला माझी हरकत नाही. मला भीती त्या प्रश्नांची वाटते. एका ओळीत उत्तर मागणारा प्रश्न आला आणि उत्तर ठाऊक नसलं, की त्या रिकाम्या जागी गोष्ट येऊन बसते. चीनची भिंत चंद्रावरून दिसते हे आपण शाळेत घोकलं. चंद्रावरून नुसत्या डोळ्यांनी ती दिसत नाही. २००३ साली अवकाशात गेलेले चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई पृथ्वीभोवती फिरून परतले आणि म्हणाले, मला भिंत दिसली नाही. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडले म्हणतात. त्याला त्या काळचा एकही पुरावा नाही. पिरॅमिड गुलामांनी बांधले म्हणतात. पण १९९० पासून गिझाला तिथल्या कामगारांच्या कबरी सापडत गेल्या. राजाच्या पिरॅमिडजवळ भाकरी-मद्याच्या भांड्यांसह पुरलेली ही माणसं गुलाम म्हणून वागवलेली दिसत नाहीत. इतकं होऊनही तिन्ही गोष्टी जिवंत आहेत, कारण प्रश्नाला साजेसं उत्तर त्याच देतात. खरं उत्तर लांबलचक असतं आणि त्यात ‘परंतु’ फार येतात. तुमच्या पाटीवर ‘परंतु’ला जागा किती? पारोळ्याचंच सांगा. तिथं काय लिहाल?

हौशी : झाशीच्या राणीचं माहेर. दुसरं काय लिहिणार? तांबे घराणं पारोळ्याचं, गावात हे कोणालाही विचारा. किल्ला भुईकोट आहे, खंदक आहे, आत बालेकिल्ला आहे. पण असे भुईकोट महाराष्ट्रात कितीतरी आहेत. त्या तटाला आज बाजार येऊन भिडलाय. त्या गर्दीतून वाट काढत कोणी आत जावं असं वाटत असेल, तर त्याला राणीचं नाव लागतं. शाळेची सहल राणीच्या नावानं येते. ‘अठराव्या शतकातील भुईकोट’ म्हटलं तर मास्तरसुद्धा बसमधून उतरणार नाहीत.

शंकेखोर : राणीचा जन्म काशीचा. लहानपण गेलं बिठूरला, दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाला असलेल्या माणसांत. मोरोपंत तांबे यांचं मूळ घराणं पारोळ्याचं म्हणून पारोळा माहेर, इतकाच त्याचा अर्थ. आपल्याकडे बापाच्या मूळ गावाला लेकीचं माहेर म्हणतात, म्हणोत. पण पाटीवर ते एकटं लिहिलं की किल्ल्याची स्वतःची हकीकत झाकली जाते. १७२७च्या सुमारास जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी हा किल्ला बांधला आणि एका खेड्याचं तटबंदीचं गाव केलं. या जहागीरदारांचं नातं झाशीच्या नेवाळकरांशी. म्हणजे किल्ल्याच्या बाजूनं पाहाल तर हे राणीचं सासर ठरतं! १८५७च्या उठावानंतर इथल्या जहागीरदाराला इंग्रजांनी राजद्रोही ठरवलं, १८५९ मध्ये जहागीर जप्त केली आणि किल्ल्याची मोडतोड केली. हे सगळं पारोळ्यात घडलं, पारोळ्याच्या माणसांनी भोगलं. ते कोणी विचारत नाही. राणी इथली का, या प्रश्नाला ‘हो’ मिळालं की पाहुणा मोकळा. म्हणून म्हणतो, गोष्ट खोटी असेल तरच ती नुकसान करते असं नाही. अर्धी खरी असली तरी उरलेला प्रश्न मारून टाकते.

हौशी : ठीक. पारोळ्याच्या पाटीत चार ओळी वाढवू. पण तुमचा हा काटा सगळीकडे चालणार नाही. चाळीसगाव तालुक्यातलं पाटण घ्या. तिथं माझ्या हाती शिलालेख आहे. १८६५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो जगापुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. त्यानं आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणीच्या आणि इतर ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथं मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला १२०७ साली दान दिलं. लेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ आहे. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर, त्याला जैत्रपाल यादवानं याच गावाहून नेऊन आपल्या पंडितांचा प्रमुख केलं, हेही त्यात आहे. इतका पुरावा जगातल्या किती गणितज्ञांच्या गावाला असेल? आणि आम्ही ‘भास्कराचार्यांचं जन्मस्थान’ असं लिहिलं की तुम्ही चष्मा पुसायला घेणार!

शंकेखोर : घेणारच. कारण लेखात जन्माचं काही नाही. भास्कराचार्यांनी स्वतः आपलं गाव विज्जडविड सांगितलं, सह्याद्रीच्या आश्रयाचं. शके १०३६चा, म्हणजे १११४चा, जन्म आणि छत्तिसाव्या वर्षी रचलेला सिद्धान्तशिरोमणी, हे त्यांच्याच शब्दांतून कळतं. पण विज्जडविड म्हणजे कोणतं गाव यावर विद्वानांचं एकमत नाही. कोणी विजापूर म्हणतो, कोणी बीड, कोणी पाटणच्या आसपासचा प्रदेश. मुलाला या गावाहून नेलं याचा अर्थ मुलगा इथं राहत होता. बाप इथं जन्मला हे त्यावरून सिद्ध होत नाही. आता गंमत बघा. त्याच लेखाच्या शेवटी जुन्या मराठीत त्या मठाच्या उत्पन्नाची व्यवस्था लिहिली आहे. बाजारात येणाऱ्या मालावर पट्टी, आणि तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल. आठशे वर्षांपूर्वी या गावचा तेली ग्रहगणित शिकवणाऱ्या मठासाठी तेल देत होता. ज्ञानेश्वरीच्या आधीच्या मराठीत हे दगडावर कोरलं आहे. यापुढे जन्मस्थानाचा दावा फिका पडतो. पण ‘कोण जन्मलं?’ असं विचारत गेलात तर ही पळी कधीच दिसणार नाही. ‘हे चालवलं कोणी?’ असं विचारलंत तरच दिसेल.

हौशी : पळीभर तेल! ऐकून मलाही आवडलं. पण ते बघायला नाशिकहून कोण येईल? तुम्ही वाचणाऱ्या माणसाचं बोलता, मी येणाऱ्या माणसाचं बोलतोय. नवरात्रात पाटणादेवीला लोकांची रीघ लागते, ती देवीसाठी. तिथून जवळच महादेवाचं बाराव्या शतकातलं कोरीव देऊळ आहे. त्याच्यावरही निकुंभांचा लेख आहे, पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे. तुमच्या हिशेबानं पुरावा तिथं भरपूर. पण देवीचा नवस फेडून झाला की त्या देवळाकडे वळणारे किती? आणि त्याच पाटणे परिसरात डॉ. एस. ए. साळी यांच्या उत्खननात १९७०च्या दशकात शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे मणी आणि रेघोट्या कोरलेलं कवच मिळालं. सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचं! ‘किती जुनं?’ या प्रश्नाला याहून मोठं उत्तर खान्देशात दुसरं नसेल. पण बघायला तिथं काहीच नाही, सांगायला गोष्ट नाही, म्हणून गावातसुद्धा ते कोणाच्या तोंडी नाही. हा माझा मुद्दा आहे. पुराव्यानं वास्तूचं वय कळतं. तिला वाली मिळतो तो गोष्टीनं.

शंकेखोर : हा मुद्दा मात्र मला झटकता येत नाही. थाळनेरच आठवा. तापीकाठी फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत, मलिक राजापासूनच्या पहिल्या पिढ्यांच्या. खान्देशाचं स्वतंत्र राज्य जिथून सुरू झालं ती ही जागा. किल्ल्याची हकीकत तर अंगावर काटा आणते. २७ फेब्रुवारी १८१८ला सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेनं तो घेतला. दरवाज्यात दोन इंग्रज अधिकारी पडले, म्हणून आतल्या अरब शिबंदीची कत्तल झाली आणि होळकरांचा किल्लेदार तुळशीराम मामा याला फाशी दिलं. शरण आलेल्या किल्लेदाराला फाशी देणं कितपत योग्य, हा प्रश्न पुढे इंग्लंडच्या पार्लमेंटातही निघाला. हिस्लॉपच्या फौजेचे आभार मानताना थाळनेरची गोष्ट तेवढी बाजूला ठेवण्यात आली. यात नाट्य आहे, कागद आहेत, कबरी आहेत. गर्दी तेवढी नाही. कारण फारुकींना आपलं म्हणणारं आज तिथं कोणी नाही, आणि किल्लेदाराचा उत्सव करणारंही कोणी नाही. इथवर तुमचं बरोबर. पण गोष्टीनं मिळालेला वाली कसा असतो तेही बघू. एरंडोलचं नाव घेतलं तर राग नाही ना येणार?

हौशी : पांडववाडा म्हणता? मी तेच टाळत होतो. एरंडोल ही महाभारतातली एकचक्रा नगरी, जवळच पद्मालय, तिथं भीमाची आणि बकासुराची कथा. ही परंपरा माझ्या आजीच्या तोंडची आहे. ती कोणाविरुद्ध नव्हती. लहान मुलाला तालुका ओळखू यावा म्हणून ती सांगायची : इथं भीम जेवला, तिथं राक्षस मारला. त्या गोष्टीमुळे पद्मालयाच्या वाटेवरचा प्रत्येक मोठा दगड आम्हाला ओळखीचा होता. ती गोष्ट काढून घेतली तर माझ्या हातात उरतं काय? ‘कोरीव खांब, काळ मध्ययुगीन’!

शंकेखोर : आजीच्या गोष्टीबद्दल माझी काही तक्रार नाही. ती गोष्ट वाटेवर होती, दाराच्या कुलपात शिरली नव्हती. पण ‘कोणी बांधलं?’ हा प्रश्न कधी ‘कोणाचं?’ होतो ते कळतही नाही. पांडववाडा म्हणून ओळखली जाणारी ती वास्तू एका समाजासाठी पांडवांची, दुसऱ्यासाठी मशीद. २०२३ साली जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानंतर हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. मी कोणाच्या बाजूनं बोलत नाही. एवढंच बघा की त्या खांबांवरची नक्षी, जोत्याचे थर, नंतरची बांधकामं, यांच्याबद्दल आता कोणी काही विचारत नाही. विचारलं तर समोरचा आधी विचारतो, तुम्ही कोणाकडचे? गोष्टीनं वाली मिळतो म्हणालात. खरं आहे. पण तो पुढे मालक होऊन बसतो, आणि मालकाला प्रश्न आवडत नाहीत.

हौशी : मग तुम्ही एक टोक घेता. मालक नको म्हणून वालीच नको, असं झालं हे. मी तुम्हाला तिसरी जागा दाखवतो. लळिंगच्या पायथ्याचा लांडोर बंगला. ३१ जुलै १९३७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका खटल्यासाठी धुळ्याला आले, तेव्हा त्यांचा मुक्काम तिथं होता. बंगला काही मोठा राजवाडा नाही. उंच नाही, जुना नाही, पहिला नाही. माझ्याच जागतिक प्रश्नावलीत तो नापास होईल. तरी दरवर्षी ३१ जुलैला हजारो माणसं पावसात तिथं जमतात. गोष्ट आहे, तारीख आहे, आणि दोन्ही खऱ्या आहेत. सरकारनं पाटी लावली म्हणून ही माणसं येत नाहीत. लोकांनी ती जागा आपली मानली. अशी आपलेपणाची गोष्ट आणि पुरावा एकत्र येऊ शकतात, हे तुम्हाला मान्य करावंच लागेल.

शंकेखोर : आनंदानं मान्य करतो. पण ते कशामुळे जमलं तेही पाहा. तिथं माणसं बंगल्याबद्दल विचारत नाहीत. बाबासाहेबांनी आपल्यासाठी काय केलं हे ती एकमेकांना सांगतात. वास्तू निमित्त आहे. उलट जिथं वास्तूच नाही तिथं काय होतं? डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं. खेड्यात भरलेलं पहिलं, अध्यक्ष पंडित नेहरू. नंदलाल बोस यांनी बांबू, चटया, गावातल्याच साध्या वस्तूंनी ते नगर सजवलं. शांतिनिकेतनच्या एवढ्या मोठ्या चित्रकाराचं काम केळीच्या मुलखात उभं राहिलं आणि चार दिवसांत उतरवलं गेलं. १८८९च्या प्रदर्शनासाठी उभा केलेला आयफेल टॉवरही वीस वर्षांनी पाडायचाच होता. बिनतारी संदेशासाठी तो उपयोगी पडला म्हणून वाचला. लोखंड राहिलं, बांबू गेले. म्हणून पॅरिसला प्रश्न विचारणाऱ्यांची रांग, आणि फैजपूरला ‘काही नाही बघण्यासारखं’. धुळ्याच्या तुरुंगाचंही तसंच. १९३२ साली तिथं विनोबांनी कैद्यांपुढे गीतेवर अठरा प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली आणि ‘गीता प्रवचने’ घरोघर गेली. तो आजही तुरुंगच आहे. तिकीट काढून आत जाता येत नाही. मग खान्देशातली सर्वांत महत्त्वाची जागा कोणती? जी उभी आहे ती, की जिथं काही घडलं ती?

हौशी : दोन्ही. पण घडलेलं टिकतं ते कोणी सांगत राहिलं तर. रॉबर्ट गिलकडे बघा. १८४४ साली कंपनी सरकारनं त्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला पाठवलं. अख्खं आयुष्य त्यानं तिथं घालवलं. त्याच्या बहुतेक नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत १८६६ साली जळाल्या. तो १८७९ला गेला आणि त्याची कबर आपल्या भुसावळला आहे. आज गिल कोणाला माहीत असेल तर तो त्याच्या प्रेयसीमुळे, पारोमुळे. अजिंठा गावात तिची १८५६ची कबर आहे. ना. धों. महानोरांनी ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिलं, त्यावर चित्रपट झाला, तेव्हा लोक विचारायला लागले, गिलसाहेबाचं पुढे काय झालं? प्रेमकथेनं माणूस परत आणला. तुमच्या पुराव्यानं त्याला भुसावळच्या दफनभूमीत एकटंच पडू दिलं होतं!

शंकेखोर : माणूस परत आला, पण कोणता? पारोबद्दल त्या दगडापलीकडे पक्कं फार थोडं ठाऊक आहे. बाकी कवीनं दिलं आणि तो कवीचा हक्कच आहे. मात्र त्या कथेच्या प्रकाशात गिलचं खरं काम दिसेनासं झालं. ज्या चित्रांचा रंग नंतर आणखी उडाला, ती त्यानं कशी उतरवली? पुढे त्यानं कॅमेरा का हाती घेतला? हे कोणी विचारत नाही. अजिंठ्याचा तो नेहमीचा प्रश्नही असाच. लेणी कोणी शोधली? पाटी सांगते, जॉन स्मिथ, २८ एप्रिल १८१९. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्यानं स्वतःचं नाव खरडून ठेवलं, म्हणून तो शोधक. खोऱ्यात गुरं चारणाऱ्यांना ती लेणी आधीपासून ठाऊक होती. त्यांनी नाव कोरलं नाही एवढाच फरक. पुरावासुद्धा कधी कधी ज्याच्या हातात छिन्नी त्याच्या बाजूनं बोलतो. हे मी माझ्याच बाजूविरुद्ध सांगतोय, लक्षात घ्या.

हौशी : लक्षात घेतलं, आणि म्हणूनच विचारतो. कागद आणि दगड जर छिन्नीवाल्याचे, तर गुराख्याची, तेल्याची, भिल्लाची बाजू कुठं ठेवायची? ती तोंडी गोष्टीतच असते. लोककथा अविश्वासाची ठरवलीत की ज्यांच्या हाती लेखणी नव्हती त्या सगळ्यांना तुम्ही पाटीवरून पुसलंत.

शंकेखोर : पुसायचं नाही. पण त्यांची बाजू फक्त गोष्टीतच असते हे मला मान्य नाही. ती कामातही असते. पांझरेकाठची फड पद्धत बघा. नदीवर दगडी बंधारे, त्यातून पाट, पाटाच्या चाऱ्या आणि खाली फड. एका फडात सगळ्यांचं एकच पीक, दरवर्षी आलटून पालटून. पाणी कोणी घ्यायचं ते पाटकरी ठरवणार, राखण जागल्या करणार, भांडण झालं तर पंच बसणार. काही बंधारे तीन-चारशे वर्षांचे सांगतात. तरुणपणी खान्देशात नोकरीला असलेल्या विश्वेश्वरय्यांनी याच पांझरेच्या खोऱ्यात सायफनचं काम केलं. त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक. पण पाण्याची पाळी मोडू न देणाऱ्या पाटकऱ्याचं नाव कोणत्या पाटीवर आहे? तो बंधारा उंच नाही, सुंदर नाही, कोण्या राजाचाही नाही. तो टिकला कारण तो वापरात होता आणि त्याच्यामागे माणसांची नेमणूक होती. ‘कोणी बांधलं?’ याचं उत्तर तिथं एका नावात देता येत नाही. ‘कोण सांभाळतं?’ याचं देता येतं, गावासकट.

हौशी : म्हणजे तुम्हाला पाटी हवी आहे, प्रश्न तेवढा बदलून. कोण सांभाळतं, कशावरून कळलं, चालवलं कोणी. चालेल. माझी एकच अट. जिथं गोष्ट आहे तिथं गोष्टही लिहायची. ‘लोक असं सांगतात’ या मथळ्याखाली, सांगणाऱ्यांच्या शब्दांत. फरकांड्याला ‘एक मनोरा हलवला की दुसरा हलतो’ हे लिहायचंच. अहमदाबादच्या झुलत्या मनोऱ्यांशी नातं सांगायचं.

शंकेखोर : लिहा. आणि खाली लिहा की कृपया हलवून बघू नका! अहमदाबादच्या सीदी बशीरच्या मनोऱ्यांत आता वर चढू देत नाहीत. फरकांड्याच्या मनोऱ्यांची आधीच पडझड झाली आहे. काही वास्तूंना आपली जिज्ञासाच सोसत नाही. पण तुमच्या मथळ्याची खरी परीक्षा फरकांड्याला नाही, एरंडोलला आहे. तिथं दोन समाज दोन गोष्टी सांगतात. दोन्ही लिहाल?

हौशी : दोन्ही. शेजारी शेजारी, सारख्या अक्षरांत.

शंकेखोर : मग अभ्यासातून कळलेलं आणि ऐकीव, दोन्ही एका मापाचं झालं. वाचणारा म्हणेल, दोन मतं आहेत, मला आवडेल ते घेतो. मी तिथं फक्त दिसतं ते लिहीन. खांब असे, नक्षी अशी, कमानी अशा, संरक्षण अमक्याचं, वाद न्यायालयात. बस.

हौशी : म्हणजे जिथं लोक सर्वांत जास्त विचारतात तिथं तुमची पाटी सर्वांत गप्प. तुम्ही गप्प बसलात म्हणून प्रश्न थांबणार नाही. तो पाहुणा पाटी वाचून वळेल आणि शेजारी उभ्या असलेल्या पहिल्या माणसाला विचारेल. तो काय सांगेल हे तुमच्या हातात नाही. गप्प राहणंही कोणाच्या तरी पथ्यावर पडतंच की!

शंकेखोर : पडतं. याला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणजे आपलं भांडण आता पाटीवरून सरकून त्या शेजारी उभ्या माणसावर आलं. तो कोण असावा?

हौशी : गावचाच. आणि त्याला पगार असावा. बाहेरून आलेल्या गाइडला एरंडोल काय आणि एलोरा काय, सारखंच. गावच्या पोराला त्या दगडावर पोट भरता आलं तर तो त्यावर नाव कोरणाऱ्याचा हात धरील. तुमच्या पाटकऱ्यासारखी नेमणूकच म्हणा ना.

शंकेखोर : पाटकऱ्याला पाळी चुकवली तर पंच विचारत. याला कोण विचारणार? गावचा असेल तर गावात ज्याचं वजन त्याच्याकडून बोलेल; बाहेरचा असेल तर गाव त्याचं ऐकणार नाही.

हौशी : तरी मी गावचाच घेईन. त्याला लेख वाचायला शिकवीन, आजीची गोष्टही येऊ देईन. आणि तो चुकला तर त्याच्याशी भांडता येईल. पाटीशी भांडता येत नाही.

शंकेखोर : मी त्याला आधी एकच वाक्य शिकवीन : हे अजून कळलेलं नाही. आणि ते म्हणणाऱ्या गाइडला पाहुणे बक्षिसी देत नाहीत, तेव्हा त्याच्या पगाराचा तुमचा मुद्दा मी आधी मान्य केला पाहिजे.